सगळे आले

१

ईस्टरच्या आठवड्यात उरबूला जायचं, हे सिनोवे आणि आस्लाकचं लग्नाआधीपासूनचं. या आठवड्यात सगळा नॉर्वे डोंगरात जातो, उन्हात तोंड भाजून घेतो आणि संत्री खातो. ही दोघंही तेच करायची, फक्त गर्दी सोडून. फ्योर्डच्या, डोंगरांत शिरलेल्या त्या समुद्राच्या, काठावर गाडी लावायची, पायाला स्की बांधून जंगलातून वर चढायचं, मग लांगेब्रेक्का नावाचा तो लांबलचक उघडा उतार आडवा पार करायचा, की पलीकडच्या खोलगटात उरबूची लाकडी झोपडी. तिथे राखणदार वगैरे कुणी नाही. झोपडी गिरिभ्रमण मंडळाची, किल्ली सगळ्या सभासदांकडे सारखीच. आपणच दार उघडायचं, शेगडी पेटवायची, बर्फ वितळवून पाणी करायचं आणि निघताना मागून येणाऱ्यासाठी लाकडं फोडून ठेवायची.

लांगेब्रेक्का मात्र चेष्टेवारी नेण्यासारखी नाही. वसंतात तिचा स्वभाव ठरलेला. रात्री गोठते, सकाळी फरशीसारखी टणक असते, आणि ऊन चढलं की आतून भिजून जड होत जाते. मग ती कधी सुटेल ते तिचं तिलाच ठाऊक. म्हणून तिच्यावरून सकाळीच जायचं आणि एकेकानेच जायचं. एक जण उतार पार करतो, बाकीचे जागच्या जागी उभे राहून डोळे त्याच्यावर ठेवतात. दोन्ही टोकांना करड्या खडकांचा एकेक उंचवटा आहे, तिथवर बर्फ कोसळला तरी येत नाही. पलीकडच्या उंचवट्यावर पोचलेल्याने काठी उंच धरायची, मग दुसऱ्याने निघायचं. शेवटचा पोचला की पुढच्याने ओरडायचं, 'सगळे आले'. ते ऐकल्याशिवाय कुणी खडक सोडायचे नाहीत.

ही शेवटची गोष्ट आस्लाकची. गावच्या बचाव पथकात त्याचं आयुष्य गेलं होतं आणि गावातली निम्मी पोरं त्याच्या हाताखाली स्की शिकली होती. दोघंच असले तरी तो बायकोकडून 'सगळे आले' वदवून घेतल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचा नाही. सिनोवे दर वर्षी चिडवायची, की सगळे म्हणजे तू एकटाच ना रे बाबा. पण म्हणायची.

निघण्यापूर्वी यंत्रांची तपासणी असते. प्रत्येकाच्या छातीवर एक छोटं यंत्र बांधलेलं असतं, माणूस बर्फाखाली गेला तर त्याची खूण ते बाहेर पाठवत राहतं. एकाने आपलं यंत्र शोधावर लावून उभं राहायचं, बाकीच्यांनी त्याच्यासमोरून एकेक करून जायचं. प्रत्येकासाठी यंत्र वाजलं पाहिजे. या वर्षी सिनोवे उभी राहिली. आस्लाक पुढून गेला, यंत्र वाजलं, झालं. तपासणी संपली.

सिनोवे मात्र तशीच उभी. यंत्र हातात, नजर गाडीकडे.

आस्लाक पुढच्या वळणावरून मागे वळला आणि म्हणाला, "काय गं, कुणाची वाट बघतेस?"

ती म्हणाली, कुणाची नाही. पण तिला नीट कळलं होतं की आपण वाटच बघत होतो, पुढच्या माणसाने समोरून जायची. गाडीची दारं बंद होती, आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. मागच्याच आठवड्यात पोरांची मोठी टोळी घेऊन गेलो होतो, तीच सवय राहिली असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. यंत्र पुन्हा छातीवर अडकवलं आणि चालू लागली.

२

लांगेब्रेक्का त्या सकाळी अगदी शहाण्यासारखी होती. वरचा थर असा गोठलेला की स्कीच्या कडा त्यावर किरकिरत होत्या. सिनोवे आधी गेली. खडकांवर पोचली, काठी वर केली. आस्लाक निघाला, त्याच्या त्या संथ, एका लयीतल्या चालीने. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. इतक्या वर्षांनीही तो उतारावर असताना तिला श्वास सोडवायचा नाही.

तो पोचला. "सगळे आले बरं का," ती नाटकीपणाने म्हणाली.

आस्लाकचं लक्षच नव्हतं. तो खडकावर वळून उभा राहिला आणि त्याने आपली काठी डोक्यावर उंच धरली, रिकाम्या उताराकडे तोंड करून. ये, असं सांगायला धरतात तशी. चांगला बराच वेळ धरली. उतारावर दोघांच्या पुसट रेघा सोडून काही नव्हतं.

मग त्याची काठी खाली आली, त्याने हातमोज्याने नाक पुसलं आणि तिच्याकडे बघून ओशाळा हसला. म्हणाला, सवय. हात आपोआप वर जातो.

सवय खरीच. पण सिनोवे घाबरली ती दुसऱ्याच गोष्टीने. आस्लाकची आई शेवटची वर्षं गावच्या वृद्धाश्रमात होती. जेवायला बसली की शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बटाट्यांचं भांडं सरकवायची, आणि कुणी भांडं परत ओढलं की रडायची. त्या दिवसांत आस्लाक तिला भेटून आला की गाडीतच बसून राहायचा. एकदाच तो बायकोला म्हणाला होता, माझं असं झालं तर मला सांग, लपवू नकोस. सिनोवेने हो म्हटलं होतं. आता सांगायची वेळ आली की काय, हे तिच्या मनात आलं आणि तिला त्या खडकावर बसून रडावंसं वाटलं.

पण मग लगेच दुसरं आठवलं. खाली गाडीपाशी वाट बघत तर मीच उभी होते.

३

उरबू होती तशीच होती. दाराशी बर्फ साचलेला, आत डांबराचा आणि जुन्या लोकरीचा वास. आस्लाकने बर्फ उपसला, सिनोवेने शेगडी पेटवली. दुपारपर्यंत झोपडीची दक्षिणेकडची भिंत चांगली तापली आणि दोघं तिला पाठ टेकून बाहेरच्या बाकावर बसली. पाव, तपकिरी चीज, कॉफी आणि शेवटी संत्रं. हे सुख असं की त्यात बोलायची गरज पडत नाही.

संत्रं नेहमी सिनोवे सोलायची. सोलून फोडी फळीवर ठेवायच्या, अर्ध्या त्याच्या, अर्ध्या हिच्या. तिने मान खाली घालून सोललं, फोडी मांडल्या आणि सालं गोळा करताना तिचं फळीकडे लक्ष गेलं. फोडींचे तीन वाटे होते.

आस्लाकने त्याचा वाटा उचलला आणि डोंगराकडे बघत खाऊ लागला. त्याला काही वावगं दिसलं नव्हतं, किंवा दिसूनही तो गप्प होता. सिनोवेने आपला वाटा खाल्ला. तिसऱ्याला हात लावायचा तिला धीर होईना आणि त्यावर बोलायचाही. ती कॉफीची किटली आणायला आत गेली. बाहेर आली तर फळी रिकामी.

तिने हसत विचारलं, खादाडा, उरलेल्याही फोडी खाल्ल्यास ना. तो म्हणाला, मी कशाला खाऊ, मला वाटलं तू खाल्ल्यास. ती म्हणाली, मी आत होते. तो म्हणाला, मी डोळे मिटून पडलो होतो. थोडा वेळ हे असं गमतीगमतीत चाललं. मग गंमत संपली आणि दोघं फळीकडे बघत बसली.

शेवटी आस्लाक म्हणाला की डोमकावळा असेल. इथले कावळे फार धीट आहेत. सिनोवेने लगेच मान डोलावली. कावळाच असणार, दुसरं कोण असणार इथे.

आकाशात कावळा नव्हता, हे दोघांनाही दिसत होतं.

४

एप्रिलचं ऊन तिकडे संध्याकाळी उशिरापर्यंत रेंगाळतं. खोलीत पिवळा उजेड होता, शेगडीवर वाटाण्याचं सूप शिजत होतं आणि छपरावरून पाणी ठिबकत होतं. तेवढ्यात बाहेर पायरीवर कुणीतरी बूट आपटले. धप्, धप्. बर्फ झाडायला आपण आत येण्याआधी आपटतो तसे.

सिनोवेचा पळीचा हात थांबला. छपरावरचा बर्फ सुटून पडला असेल, ती मनात म्हणाली. उन्हाने सुटतोच. पण तो एकदा पडतो, असा दोनदा नाही.

आस्लाक उठला, अगदी सहज, घरी उठतो तसा. त्याने दार उघडलं आणि उघडं धरून बाजूला उभा राहिला. हातात सामान घेऊन येणाऱ्यासाठी धरतात तसं. गार हवा आत आली, शेगडीतला जाळ हलला. मग त्याने दार लावलं, परत बाकावर येऊन बसला आणि थोडा सरकला. भिंतीच्या बाजूला एका माणसापुरती जागा झाली.

सिनोवेने विचारलं, सरकलास का? तो म्हणाला, शेगडीची धग लागते.

शेगडी त्याच्या दुसऱ्या बाजूला होती. तो धगीकडेच सरकला होता.

तिने सूप वाढलं. दोनच वाडगे घ्यायचे, हे तिने स्वतःला बजावून घेतलं. आणि मग, आपण काय करतोय हे कळत असतानाही, हळूच विचारलं की आज वार कोणता. आस्लाकने चमचा खाली ठेवला. त्याला लगेच समजलं. वृद्धाश्रमातली नर्स आईला हेच विचारायची.

"शनिवार," तो म्हणाला. "तारीख सांगू? पंतप्रधानांचं नाव सांगू? माझी आई झालीये असं वाटतंय का तुला?"

"तसं नाही रे."

"सकाळी यंत्र हातात घेऊन वाट बघत कोण उभं होतं? मी नाही, तू. संत्र्याचे तीन वाटे कुणी केले? मी बघितलं नाही असं वाटलं तुला? मी बोललो का काही?"

ती एवढंच म्हणाली की मला भीती वाटते. आस्लाकचा राग तिथेच उतरला. त्याने तिचा हात हातात घेतला आणि म्हणाला की मलाही. उद्या उजाडताच निघू, घरी गेल्यावर दोघंही डॉक्टरकडे जाऊन येऊ, एकेकाने जायची गरज नाही. ती हसली. तो हसला. बाकावरची ती जागा मात्र त्याने भरून काढली नाही, आणि तिलाही तिथे बसवेना.

५

उजाडताच निघायचं होतं आणि सगळं वेळेवर झालंही. लाकडं फोडली, बादल्या उपड्या घातल्या, दाराला कुलूप लावलं. दोघं स्की बांधून, सॅक पाठीला लावून झोपडीसमोर उभी राहिली.

आणि उभीच राहिली.

सिनोवेला त्यात काही खटकलं नाही, हे तिला नंतर सगळ्यात जास्त खुपलं. ती शांतपणे काठीवर रेलून समोरच्या शिखरावर ऊन उतरताना बघत होती. आस्लाक तिच्या शेजारी घसा खाकरत उभा. कंटाळा नाही, घाई नाही. सगळे तयार झाले की निघायचं असतं, तशी दोघं थांबलेली. शिखरावरचं ऊन कड्यावर आलं, कड्यावरून खोलगटात आलं आणि मग तिच्या बुटांवर पडलं. बूट गरम लागले तेव्हा कुठे ती भानावर आली.

"आस्लाक, आपण थांबलोय कशाला?"

"तुझ्यासाठी," तो म्हणाला. "तुझं आटपायचंय ना?"

"माझं केव्हाच आटपलं. मी तर तुझ्यासाठी थांबले."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सकाळ हातची गेली होती. लांगेब्रेक्कावर आता ऊन आलं असणार. शहाण्या माणसाने अशा वेळी परत कुलूप काढावं, शेगडी पेटवावी आणि दुसऱ्या दिवशीची वाट बघावी. पोरांना आस्लाक हेच शिकवायचा. पण रात्री पाऊस येणार होता, तोही कोमट, आणि तो आला की पुढचे कितीतरी दिवस काही गोठणार नव्हतं. आस्लाकने काठी उलटी करून बर्फात खुपसून पाहिली. म्हणाला की वरचा थर अजून धरून आहे, लगेच गेलो तर जमेल.

खरं सांगायचं तर सिनोवेने पावसाचा विचारही केला नाही. त्या खोलीत, त्या बाकासमोर आणखी एक रात्र तिला नको होती. ती म्हणाली, चल.

६

लांगेब्रेक्का कालची नव्हती. वरचा थर पायाखाली चुरचुरत दबत होता आणि कड्याखालून बर्फाचे छोटे गोळे सुटून गरगरत खाली जात होते. ते गोळे म्हणजे उताराचं सांगणं असतं, की आता मला छेडू नका. सिनोवे आधी गेली. कुठे थांबली नाही, खाली बघितलं नाही. जंगलाकडच्या खडकांवर पोचली. तिने काठी वर केली.

आस्लाक आला. त्याची चाल तशीच, संथ आणि नेमकी. तो खडकावर चढला तेव्हा तिने त्याच्या सॅकचा पट्टा धरून त्याला जवळ ओढलं आणि घाईघाईने म्हणाली, "सगळे आले. चल, निघ."

तो हलला नाही. मागे बघत होता.

"थांब जरा," तो म्हणाला.

"कुणासाठी?"

"अगं, तो..." आस्लाकने तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. नाव ओठांवर येत नव्हतं. कपाळावर आठ्या घालून तो ते आठवू लागला. आणि सिनोवेच्याही जिभेवर काहीतरी आलं होतं. ओळखीचं, रोजच्या वापरातलं नाव असावं तसं. आता आठवेल, आता आठवेल, असं होऊन ते गेलं.

"तिकडे कुणी नाही," ती म्हणाली. "आपण दोघंच आहोत. दोघंच आलो होतो."

"हो, पण तो एकटा मागे राहिलाय ना," आस्लाक समजुतीने म्हणाला. "मी काठी वर केल्याशिवाय येऊ नकोस असं मीच सांगितलंय त्याला. आणि आता उतार असा झाल्यावर घाबरला असेल. मी घेऊन येतो."

तिने त्याची सॅक दोन्ही हातांनी धरली. रागावली, विनवलं, त्याच्या आईचं नाव घेतलं. तो अजिबात चिडला नाही. त्याने तिची बोटं एकेक करून सोडवली. "सिनोवे, मी कधी कुणाला मागे ठेवलंय का?" एवढंच म्हणाला आणि स्कीची टोकं वळवून परत उतारावर गेला.

७

एक जण उतारावर असताना दुसऱ्याने डोळे त्याच्यावर ठेवायचे. सिनोवेने ठेवले. दुसरं तिच्या हातात काय होतं? मागे गेली असती तर दोघांचं वजन उतारावर पडलं असतं. मदतीला फोन करायचा तर हेलिकॉप्टर येईपर्यंत काय व्हायचं ते होऊन जाणार.

आस्लाक मध्यावर पोचला तेव्हा पायाखालून एक आवाज आला. मोठा नाही. जाड गादी कुणीतरी जमिनीवर टाकावी तसा, पण उताराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. सगळा बर्फ एक बोटभर खाली बसला होता. हा आवाज ऐकल्यावर काय करायचं, ते आस्लाकने शेकडो जणांना शिकवलं होतं. एक क्षण न दवडता मागे फिरायचं.

आस्लाक मागे फिरला नाही. तो थांबला, समोरच्या रिकाम्या काठाकडे बघून त्याने हात पुढे केला आणि काहीतरी बोलला. लहान मुलाशी बोलावं तसा त्याचा सूर होता. शब्द तिला कळले नाहीत. वरच्या कड्याखाली एक बारीक काळी रेघ दिसू लागली. बर्फाला भेग पडत होती.

तिने ओरडून सांगितलं, कुणी नाही तिकडे, परत ये, माझी शपथ आहे. तो दुखावल्यासारखा बघून म्हणाला की असं कसं म्हणतेस तू, आणि पुढे निघाला. पलीकडे पोचला तरी तो परत यायचा नाही, हे तिला दिसत होतं. तिकडे शोधत बसेल, हाका मारत बसेल, पुन्हा उतारावर येईल. कुणी सापडेपर्यंत शोधत राहायचं, हेच तर त्याने जन्मभर केलं होतं.

त्याला परत आणणारी एकच गोष्ट जगात होती आणि ती तिला ठाऊक होती. तोंडात आली तेव्हा तिला ती खोटी वाटली नाही, एवढंच तिच्या लक्षात राहिलं.

तिने काठी डोक्यावर उंच धरली.

"आस्लाक! तो आलाय. इथे आहे, माझ्याजवळ. सगळे आले!"

तो वळला. त्याने खडकांकडे पाहिलं. तिच्याकडे नाही, तिच्या किंचित डावीकडे. त्याच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. कालपासून न दिसलेला त्याचा नेहमीचा चेहरा परत आला आणि तो मोठ्याने हसला. मग मान हलवत, पोराटोरांच्या खोड्या बघून हलवतो तशी, तो सरळ तिच्याकडे निघाला.

सिनोवेने डोळे त्याच्यावरून काढले नाहीत. डावीकडे वळून बघायचं नाही, एवढं एकच ती करू शकत होती. पण माणसाच्या डोळ्यांना कडा असतात. त्या कडेला, तिच्या उंच धरलेल्या काठीशेजारी, तेवढ्याच उंचीवर दुसरी एक काठी होती. ती धरणारा हातमोजा लोकरीचा होता, राखाडी, पार भिजलेला. त्यातून पाणी तिच्या बाहीवर ठिबकत होतं.

आस्लाकची स्की खडकाला लागली आणि त्याच्या मागे लांगेब्रेक्का सुटली. वरपासून खालपर्यंत, सगळीच्या सगळी. आवाज एवढा होता की तो ऐकू आला असं म्हणता येणार नाही, छातीतच बसला. जंगलाच्या वरच्या कडेची झाडं मोडताना दिसली आणि मग बराच वेळ धुरळा खाली बसत राहिला.

सिनोवे नवऱ्याच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. तो तिच्या पाठीवर थोपटत राहिला. थोपटता थोपटता त्याचा एक हात निघाला, बाजूला गेला आणि तिथेही त्याने दोनदा थोपटलं.

८

जंगलातली वाट त्यांनी नीट उतरली. आस्लाक पुढे, तो अधूनमधून थांबून मागे बघायचा आणि समाधानाने पुढे जायचा. सिनोवे मध्ये होती. आपण मध्ये आहोत हे तिच्या लक्षात आलं, पण ती थांबली नाही आणि वळलीही नाही.

गाडीपाशी पोचल्यावर आस्लाक अगदी पूर्वीसारखा झाला होता. किल्ली कुठे ठेवली ते त्याला आठवत होतं. ईस्टरच्या जेवणाला बहिणीकडे किती वाजता पोचायचंय ते आठवत होतं. उताराबद्दल म्हणाला की वेडेपणा केला आपण, पोरांनी असं केलं असतं तर मी त्यांचे कान उपटले असते. त्याच्या डोळ्यांत कुठे धुकं नव्हतं. सिनोवेला इतकं हायसं वाटलं की तिने त्याच्या गालाचा मुका घेतला. आईचं दुखणं त्याला लागलेलं नव्हतं. तो जिवंत होता आणि तो तोच होता.

स्की छपरावर बांधल्या. दोन्ही सॅक सिनोवेने स्वतः डिकीत टाकल्या. आस्लाकने मागचं दार उघडलं, थोडा वेळ उघडं धरलं, लावलं आणि पुढे येऊन बसला. फ्योर्डच्या कडेने गाडी लागायच्या आत तो नेहमीप्रमाणे झोपलाही, तोंड उघडं टाकून.

गाडीने वेग घेतला तशी टिंगटिंग सुरू झाली. वेगाच्या काट्याखाली एक लाल दिवा लागला होता, कुणीतरी पट्टा लावलेला नाही असं सांगणारा. तिने आपला पट्टा चाचपला. आस्लाकचा बघितला. दोन्ही लागलेले होते. दिवा मागच्या सीटचा होता.

सॅक आहेत, ती म्हणाली. मग तिला आठवलं की सॅक डिकीत आहेत. तारा ओल्या झाल्या असतील. जुनी गाडी आहे. टिंगटिंग वाढत गेली. गाडीत ओल्या लोकरीचा वास भरला होता, तिच्या नाहीतर आस्लाकच्या कपड्यांचा असेल. दोघांचीही जाकिटं नायलॉनची होती.

गाडी बाजूला घेता आली असती. मागचं दार उघडून म्हणता आलं असतं, उतर, तू आमचा कुणी नाहीस. तिने तसा विचार केला, अगदी नीट केला. मग ती आस्लाककडे बघत राहिली. त्याच्या गालांवर उन्हाची लाली होती, छाती खालीवर होत होती. तो जागा होईल आणि मागे बघेल. मागे कुणी नसलं तर काय करेल, ते तिने सकाळी डोळ्यांनी पाहिलं होतं. तो स्की काढेल आणि परत वर जाईल. आज नाही तर उद्या, पण जाईल. आणि दुसऱ्यांदा 'सगळे आले' म्हणून ती ओरडेल तेव्हा तिच्यापाशी कुणी उभं नसेल.

वाहतूक नव्हती. फ्योर्डचं पाणी शांत होतं. टिंगटिंग आता सलग वाजत होती आणि आस्लाक झोपेत कुशी बदलू पाहत होता.

आरशात न बघता सिनोवे हळू आवाजात म्हणाली, "पट्टा लाव रे."

मागे खट् झालं आणि आवाज थांबला.